रिक्षातून न उतरणारा प्रवासी

डिसेंबरातली सकाळ. सोलापुरात थंडी पडते यावर पुण्या-मुंबईची मुलं विश्वास ठेवत नाहीत, पण पडते बरं का. निदान सकाळी नऊपर्यंत तरी पडतेच. मी माझ्या भाचा-भाचीला घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चहाच्या टपरीपाशी उभी होते. भाऊ समोरच्या कारखान्यात टॉवेलच्या गाठी मोजून घ्यायला गेला होता आणि ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणाला होता. त्याची पाच मिनिटं म्हणजे किती, हे आम्हा तिघांनाही चांगलं ठाऊक होतं.

आत माग खडाखड चालले होते. बाहेर गाड्यांची रांग. गाठी भरायला आलेला एक छोटा हत्ती टेम्पो, मागे एक मोठा ट्रक, त्याच्या बाजूला कुणाची तरी म्हातारी स्कूटर आणि एक रिक्षा. चौघांचीही इंजिनं चालूच. मुलांना वेळ घालवायचा होता, म्हणून त्यांनी एक खेळ काढला: धुराचे रंग ओळखायचे.

“ट्रकचा काळा!” भाचा ओरडला.

“स्कूटरचा निळा!” भाची म्हणाली. “आणि छोट्या हत्तीचा पांढरा. आत्या, पांढरा सगळ्यात वाईट ना? किती दाट आहे बघ.”

पांढरा सगळ्यात वाईट असतोच, असं मुळीच नाही. थंडीच्या दिवसात गाडी नुकतीच चालू केली की सायलेन्सरमधून जो विरळ पांढरा धूर निघतो, तो बहुतेक वेळा धूर नसतोच. ती वाफ असते. पेट्रोल आणि डिझेलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजनही असतो. तो जळला की त्याचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं, तर त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! आपण आग लावतो आणि बाहेर पाणी येतं. मला तर हे लहानपणी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. थंड हवेत त्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि तुमच्या तोंडातून थंडीत ‘धूर’ निघतो ना, तसाच तो सायलेन्सरमधून निघतो. इंजिन तापलं की दिसेनासा होतो. गाडी तापल्यावरही पांढरे लोटच्या लोट येत राहिले, तर मात्र मेकॅनिककडे जायला हवं.

निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय, बहुधा आतले भाग झिजलेत. काळा धूर म्हणजे काजळी, नीट न जळलेला कार्बन. हा वाईटच. त्याचे बारीक कण छातीत खोल जाऊन बसतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची म्हणून यादी केली, त्यात आपलं सोलापूरही आहे, ते अशाच धुळीच्या आणि काजळीच्या कणांमुळे.

“आणि रिक्षा?” मी विचारलं.

दोघांनी वाकून पाहिलं. रिक्षाच्या सायलेन्सरमधून काहीच दिसत नव्हतं. “रिक्षा पास!” भाची म्हणाली. “तिला धूरच नाही.”

तर मुलांनो, आजची गोष्ट आहे या न दिसणाऱ्या धुराची. चौघांच्याही सायलेन्सरमधून तो निघत होता, कुठून कमी, कुठून जास्त. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांत चुरचुरत नाही, घशात खवखवत नाही. नाव आहे कार्बन मोनॉक्साइड.

हा तयार कसा होतो? लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. कार्बन नावाची पाहुणेमंडळी जेवायला बसलीत आणि वाढपी ऑक्सिजनचे लाडू वाढतोय. प्रत्येकाचा मान दोन लाडवांचा. दोन लाडू मिळाले की पाहुणा तृप्त होतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून ढेकर देत निघून जातो. ‘डाय’ म्हणजे दोन. पण लाडू कमी पडले, किंवा पंगत इतक्या घाईची असली की वाढप्याला सगळ्यांपर्यंत पोचताच आलं नाही, तर काहींच्या पानात एकच लाडू पडतो. ‘मोनो’ म्हणजे एक. हा एका लाडवावर उठलेला, अर्धपोटी पाहुणा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

आता इंजिनातली पंगत किती घाईची असते ते ऐका. जागेवर उभ्या असलेल्या साध्या मोटारसायकलच्या इंजिनात मिनिटाला सुमारे ७०० वेळा पेट्रोलचा भडका उडतो. मिनिटाला ७०० पंगती! कुणी ना कुणी अर्धपोटी उठणारच.

अर्धपोटी पाहुण्याचं पुढे काय होतं? तो दुसरा लाडू शोधत फिरतो. हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त तुम्हाला ठाऊक नाही. आठवा हुरड्याचे दिवस. आपल्याकडे ज्वारीचं पीक निसवलं, दाणे दुधाळ झाले की शेतात आगटी पेटते. गोवऱ्या भडभडा जळून गेल्या की मग लालबुंद निखारे राहतात आणि काका त्यात कणसं खुपसतात. त्या वेळी निखाऱ्यांवर अगदी पुसटशी निळी ज्योत इकडून तिकडे नाचताना दिसते. कोळशाच्या शेगडीवर तर ती आणखी छान दिसते. ती ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड! निखाऱ्यांच्या आत ऑक्सिजन कमी पडला म्हणून तो तयार झाला, वर आल्यावर त्याला मोकळी हवा भेटली आणि दुसरा लाडू मिळाल्याबरोबर तो आनंदानं निळा पेटला.

म्हणजे तो चक्क इंधनही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्या देशात कित्येक बस आणि मोटारी कोळशावर चालवत. गाडीच्या मागे बंबासारखी एक टाकी असे, तीत कोळसा मुद्दाम कमी हवेत धुमसत ठेवायचा आणि जो वायू निघेल तो इंजिनाला पाजायचा. त्या वायूत जळणारा मुख्य घटक हाच, कार्बन मोनॉक्साइड. आज जो सायलेन्सरमधून बाहेर पडतो, तो तेव्हा इंजिनात आत जात होता.

“मग तो वाईट कसा?” भाच्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता.

तो वाईट आहे तो आपल्या रक्तामुळे. आणि इथे मला समोरची रिक्षाच उपयोगी पडली.

तुमच्या रक्तात लाल पेशी असतात आणि एकेका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे जवळजवळ २७ कोटी रेणू असतात. हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू म्हणजे चार सीटांची शेअर रिक्षा समजा. फुप्फुसाच्या स्टँडवर चार ऑक्सिजन बसले, की रिक्षा निघाली. मेंदू, हृदय, पायाचे स्नायू असे थांबे येतात, तिथे प्रवासी उतरतात, रिक्षा रिकामी होऊन स्टँडवर परत येते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या अंगात अशा किती फेऱ्या झाल्या, ते मोजायला आपल्या वहीत शून्यं पुरायची नाहीत.

एके दिवशी स्टँडवर कार्बन मोनॉक्साइड येतो. दिसायला साधा. रिक्षाला तर तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त आवडतो. ती त्याला लगेच बसवून घेते. आणि एकदा बसला की हा गडी सहजासहजी उतरत नाही! मेंदूचा थांबा आला, नाही उतरला. हृदयाचा आला, नाही उतरला. रिक्षा फेऱ्या मारतेच आहे, पण एक सीट अडलेली. पुढच्या खेपेला दुसरी. त्यातून तो शेजाऱ्यांनाही बिघडवतो. एका सीटवर तो बसला की बाकीच्या सीटांवरचे ऑक्सिजनही घट्ट धरून बसतात आणि आपल्या थांब्यावर सहज उतरत नाहीत. रस्त्यावर रिक्षाच रिक्षा, सगळ्या भरलेल्या, आणि मेंदू बिचारा थांब्यावर ताटकळत उभा.

थोडं गणित करू, चालेल? हवेत ऑक्सिजन २१ टक्के. कार्बन मोनॉक्साइडची ओढ समजा २१० पट. मग ऑक्सिजनच्या २१० व्या भागाइतका, म्हणजे फक्त ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड हवेत असला, तरी दोघांचं बळ सारखं होतं. अशा हवेत माणूस काही तास राहिला तर त्याच्या निम्म्या सीटा अडवल्या जातील. एवढ्यानं जीव जाऊ शकतो. आता १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात साधारण २८,००० लिटर हवा मावते. तिचा ०.१ टक्का किती? २८ लिटर. आंघोळीच्या दोन बादल्या! खोलीभर हवेत दोन बादल्या वायू मिसळला, की त्या खोलीत झोपणं जिवावरचं झालं.

हे सगळं शोधून काढणाऱ्यांची गोष्टही गमतीची आणि जराशी भीतीदायक आहे. जॉन स्कॉट हाल्डेन नावाचा एक स्कॉटिश शास्त्रज्ञ होता. त्यानं १८९५ साली हा वायू स्वतःच हुंगला, निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन अडेपर्यंत हुंगला, आणि आपल्याला काय काय होतंय ते टिपत राहिला. (तुम्ही असलं काहीही करायचं नाही. त्यानंही करायला नको होतं असं माझं मत आहे.) मग १८९६ मध्ये त्यानं दाखवून दिलं, की कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर जे मजूर मरतात, त्यांतले बहुतेक स्फोटानं मरत नाहीत, स्फोटानंतर पसरणाऱ्या या वायूनं मरतात. खाणीत जाताना बरोबर छोटा पक्षी न्यावा, ही कल्पना त्याचीच. कॅनरी नावाचा हा पिवळा पक्षी माणसापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेतो, त्यामुळे त्याच्यावर वायूचा परिणाम आधी दिसतो. पक्षी दांडीवर डुलायला लागला, की मजूर बाहेर पळत. काही पिंजऱ्यांना तर ऑक्सिजनची छोटी नळकांडी लावलेली असे, पक्ष्याला शुद्धीवर आणायला! ब्रिटनमधल्या खाणींत हे पक्षी थेट १९८६ पर्यंत नोकरीला होते. मग त्यांच्या जागी यंत्रं आली.

या हाल्डेनचा मुलगाही मोठा शास्त्रज्ञ झाला: जे. बी. एस. हाल्डेन. लहानपणी वडील त्याला खाणीत घेऊन जायचे. एकदा त्यांनी त्याला खाणीत उभं राहून नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली आणि ते खाली बसलं. खाली हवा चांगली होती, वर छताशी मिथेन साठला होता. असा धडा कोण विसरेल? हा मुलगा पुढे १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

पण मिथेनचा तो धडा आपल्या वायूला लागू पडत नाही हं. कार्बन मोनॉक्साइड हवेहून अगदी किंचित हलका. त्यामुळे तो ना धड वर जातो, ना खाली बसतो. हवेत सगळीकडे मिसळतो. बंद खोलीत तुम्ही खाटेवर झोपा नाहीतर सतरंजीवर, त्याला काही फरक पडत नाही.

“मी ओढणी बांधते ना नाकाला,” भाची म्हणाली. “मम्मी पण स्कूटीवर बांधते.”

बांधा, जरूर बांधा. धूळ अडते, थोडी काजळीही अडते. पण ओढणीतून कार्बन मोनॉक्साइड जातो तो सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दरवाजातून मुंगी जावी तसा. मास्कचंही तेच, ओल्या रुमालाचंही तेच. गाडीतला एसी? तोही त्याला गाळत नाही.

आता आणखी एक फसवाफसवी सांगते. करोनाच्या काळात तुमच्या घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं असेल. रक्त किती लाल आहे हे ते उजेडानं तपासतं आणि त्यावरून ऑक्सिजनचा आकडा देतं. पण कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही तसंच लालभडक दिसतं! त्यामुळे माणूस गुदमरत असतो आणि ऑक्सिमीटर आपलं ९८, ९९ दाखवत बसतं. रिक्षा भरलेली आहे एवढंच त्याला कळतं, आत कोण बसलंय ते कळत नाही.

आणि सगळ्यात मोठं नवल शेवटी ठेवलं होतं, पण आत्ताच सांगून टाकते. हा वायू तुमच्या अंगात आत्ता, या क्षणी तयार होतोय. जुन्या लाल पेशी मोडीत निघतात, तेव्हा त्यांतून चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड सुटतो. अगदी चिमूटभर. श्वासावाटे निघून जातो आणि आपलं काही बिघडत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात मात्र तो याच्या कित्येक पट असतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या हातांवर हजारो घरं चालतात, त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझा हात जरा अडखळला. पण खरं ते खरं.

मग घाबरायचं कुठे आणि नाही कुठे? मोकळ्या रस्त्यावर रिक्षा शेजारून गेली म्हणून कुणी बेशुद्ध पडत नाही. वाऱ्यानं तो वायू पसरतो आणि पातळ होतो. तरीही सायलेन्सर साधारण तुमच्या गुडघ्या-कमरेच्या उंचीवर असतो, नाक मोठ्या माणसांपेक्षा तुमचं त्याच्या जवळ, आणि मोठ्यांपेक्षा तुम्ही श्वासही भरभर घेता. म्हणून चालू गाडीच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूला चार पावलं सरकायचं. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतच्या थंड हवेवर ऊबदार हवा झाकणासारखी बसलेली असते, धूर वर जात नाही. तेव्हा शक्य असेल तर मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीनं शाळेत जावं.

खरा धोका आहे बंद जागेत. शटर ओढलेलं गॅरेज हे त्याचं आवडतं घर. थंडीत गाडी ‘गरम करायला’ म्हणून आत चालू ठेवली, मेकॅनिक कानानं इंजिन ऐकत बसला, आणि शटर अर्धंच वर. दोन बादल्या भरायला फार वेळ लागत नाही, जुन्या मोठ्या इंजिनाला काही मिनिटं पुरतात. अर्धं शटर उघडं आहे म्हणून चालतं, असं नाही. गाडी आधी बाहेर काढायची, मग चालू ठेवायची.

लाईट गेली की दुकानात जनरेटर लावतात. तो आत, जिन्याखाली किंवा खिडकीला टेकवून ठेवला असेल तर मोठ्यांना सांगा. २०२४ च्या डिसेंबरात केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरला होता. दोघांना कळलंही नसेल. म्हणूनच उभ्या गाडीत काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं मला मुळीच पसंत नाही, मग ती गाडी कितीही महागाची असो.

अक्कलकोट रोडवर आणखी एक दृश्य दिसतं. गुरुवारी, पौर्णिमेला अक्कलकोटच्या स्वामींच्या दर्शनाला निघालेली मंडळी टेम्पोच्या हौद्यात बसतात. थंडी वाजते किंवा पाऊस येतो, म्हणून वरून ताडपत्री ओढतात, फक्त मागची बाजू उघडी. गाडी पळते तेव्हा मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो सायलेन्सरचा धूर आत ओढून घेतो. डिक्की उघडी ठेवून पळणाऱ्या कारचंही असंच होतं. सायलेन्सर फुटलेला असेल, फटफट आवाज येत असेल, तर आणखी वाईट. माल नेण्याच्या गाडीत माणसांनी बसूच नये हे तर आहेच, पण ताडपत्रीखाली मुलांना झोपवणं ही त्याहून मोठी चूक.

घरातही गाडीशिवाय तो भेटतो. न्हाणीघरात गॅस गीझर आणि खिडकी बंद, किंवा थंडीत खोलीत कोळशाची शेगडी आणि दार बंद. यंत्र वेगळं, पंगत तीच.

त्यानं गाठलं तर कळतं कसं? डोकं दुखतं. गरगरतं. मळमळतं. पाय लटपटतात, झोप आल्यासारखं होतं. सगळ्यांना वाटतं पित्त झालं, नाहीतर काल रात्रीची भजी बाधली. पण ताप नसतो. आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा: एकाच जागेतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखतं, बाहेर आल्यावर बरं वाटतं आणि आत गेलं की पुन्हा दुखायला लागतं. असं झालं की कारण शोधत आत थांबायचं नाही. दार उघडून आधी बाहेर पडायचं, मग ओरडून मोठ्यांना बोलवायचं आणि १०८ ला फोन करायचा. कुणी आत पडलेलं दिसलं तरी मुलांनी एकट्यानं आत धावायचं नाही. तोच वायू तुमच्या रिक्षातही बसेल. दवाखान्यात मास्कनं शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत या हट्टी प्रवाशांपैकी निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक-दीड तासात निम्मे उतरतात. गर्दी करून त्यांना ढकलून काढायचं, दुसरं काय!

याच एमआयडीसीत २०२५ च्या १८ मे रोजी पहाटे एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. त्यांत एक लहान बाळही होतं. सोलापूर अजून ते विसरलेलं नाही, आणि आम्ही टपरीवर उभे असताना तो विषय निघाला तेव्हा चहावाले काका काही वेळ बोललेच नाहीत. मी मुलांना एवढंच सांगितलं, की कुठल्याही बंद इमारतीत कापूस, सूत, गाद्या धुमसायला लागल्या की कार्बन मोनॉक्साइड प्रचंड तयार होतो, आणि बऱ्याचदा ज्वाळांच्या आधी धूरच माणसाला गाठतो. आगीतला धूर गरम असतो म्हणून तो वर चढतो. तेव्हा मात्र खाली वाकून, रांगत बाहेर पडायचं, मागे दार ओढून घ्यायचं आणि बाहेर आल्यावर १०१ लावायचा. वस्तू घ्यायला परत आत जायचं नाही. दप्तर नाही, मोबाइल नाही, काही नाही.

भाऊ अजून आलेला नव्हता. मी भाच्याला माझ्या मोबाइलवर आमच्या स्कूटीचं पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं प्रमाणपत्र, काढून दाखवलं. तुम्हीही घरच्या गाडीचं मागून घ्या. पेट्रोलच्या गाडीचं असेल तर त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा टक्क्यांत छापलेला असतो. २००० सालानंतरच्या जुन्या पद्धतीच्या दुचाकींना ३.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. वर केलेलं गणित आठवा: ०.१ टक्का जिवावरचा, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी त्याच्या ३५ पट! नव्या गाड्यांची मर्यादा खूपच कडक आहे, आणि ती पाळता यावी म्हणून त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक जाळी बसवलेली असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ लेप असतो. दागिन्यात घालायचे धातू गाडीखाली लपवलेले! या जाळीत अर्धपोटी पाहुण्याला उरलेला एक लाडू मिळतो आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. पण जाळी चांगली तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे सकाळी गार गाडी चालू केल्यावरची पहिली काही मिनिटं नवी गाडीही जुन्यासारखीच वागते.

हे ऐकल्यावर भाचा तडक छोट्या हत्तीकडे गेला. “काका, गाडी का बंद करत नाही?”

ड्रायव्हरकाका हसले. “स्टार्टर गेलाय रे बाळा. बंद केली की धक्का मारावा लागतंय.”

“आम्ही मारतो की!”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. ट्रकवाला आणि रिक्षावाला इकडेच बघत होते. रिक्षावाल्यानंही बंद केली, ट्रकवाल्यानं नाही केली. वीस मिनिटांनी गाठी भरून झाल्या तेव्हा आम्ही तिघं, चहावाले काका आणि अखेर बाहेर आलेला माझा भाऊ, अशा पाच जणांनी धक्का मारला. सायलेन्सरच्या बाजूला मुलांना उभं राहू दिलं नाही. तिथे भाऊ होता. उशीर त्यानं केला होता.

आता तुमचं काम. शाळा सुटायच्या वेळी फाटकापासून दहा पावलं दूर उभे राहा आणि मुलांना न्यायला आलेल्या किती गाड्या, रिक्षा, व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या आहेत, ते पाच मिनिटं मोजा. आठवडाभर रोज मोजा. शाळेचं नाव आणि सहा दिवसांचे सहा आकडे पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. सगळ्यात मोठा आकडा कुणाचा आला ते पुढच्या अंकात छापू.